अज्ञात आणि अज्ञेय : कोलारच्या खाणीतली चाळीस वर्षे

या टिपणाचा प्रश्न साधा आहे. जे आपल्याला माहीत नाही, कदाचित आपल्या हयातीत माहीत होणारही नाही, त्याच्यावर माणूस प्रेम करू शकतो का? करू शकत असेल, तर त्यासाठी धार्मिक श्रद्धा लागते का? किंवा निदान ‘उत्तर नक्की मिळणार’ अशी खात्री तरी लागते का?

हा प्रश्न सहसा तत्त्वज्ञानाच्या तासाला विचारला जातो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात मोजमाप आणि उपकरणे शिकवतो, त्यामुळे मला तो इतिहासाच्या वाटेने विचारायला आवडतो. अशी माणसे खरोखर होऊन गेली का? त्यांनी नेमके काय केले? त्यांच्या हाती काय लागले आणि काय लागले नाही? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. बंगळुरूच्या इंदिरानगरच्या उत्तरेच्या कडेने जुना मद्रास रस्ता जातो. त्याच रस्त्याने पूर्वेला निघालात, तर कृष्णराजपुरम, होसकोटे आणि कोलार मागे टाकून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलार गोल्ड फील्ड्स लागते. लोक त्याला केजीएफ म्हणतात. तुमच्यापैकी बहुतेकांना हे नाव सिनेमामुळे माहीत असेल. या टिपणातली गोष्ट त्याच खाणीतली आहे, पण ती सोन्याची नाही.

१. आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

मराठीत ‘अज्ञात’ आणि ‘अज्ञेय’ असे दोन शब्द आहेत आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. अज्ञात म्हणजे जे आज माहीत नाही. अज्ञेय म्हणजे जे कधीच माहीत होऊ शकत नाही. पहिला शब्द आपल्या आजच्या स्थितीबद्दल बोलतो, दुसरा जगाच्या स्वभावाबद्दल दावा करतो. हा फरक लहान नाही.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुसऱ्या शब्दावर बराच खल झाला. हर्बर्ट स्पेन्सरने १८६२ च्या आपल्या ग्रंथाचा पहिला भागच ‘अज्ञेय’ या विषयाला दिला. पुढे १८६९ मध्ये टी. एच. हक्सलीने स्वतःच्या भूमिकेसाठी नवे इंग्रजी नाव घडवले, ज्याला आपण आज अज्ञेयवाद म्हणतो. हक्सलीचा भर मात्र जगाच्या स्वभावापेक्षा माणसाच्या प्रामाणिकपणावर होता: ज्याला पुरावा नाही ते माहीत असल्याचा आव आणू नये.

हे वारे महाराष्ट्रात आले ते गोपाळ गणेश आगरकरांसारख्या वाचकांमुळे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ मध्ये जन्मलेल्या आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर मन लावून वाचले होते. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केले आणि १८९२ पासून अखेरपर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांना अज्ञेयवादी म्हटले जाते. त्यांचा आग्रह असा की, ईश्वराबद्दलचा निर्णय लागो न लागो, नीतीने वागण्यासाठी आणि विचार करण्यासाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. या भूमिकेपायी त्यांनी भरपूर सोसले. पुण्यात सनातनी मंडळींनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली होती.

आगरकरांकडून आपल्याला या टिपणापुरती एकच गोष्ट घ्यायची आहे: खात्रीशिवाय जगता येते आणि चांगले जगता येते. पण त्यांचा झगडा समाजाशी होता. निसर्गातल्या एखाद्या ठोस अज्ञातासमोर वर्षानुवर्षे बसून राहणे कसे असते, हे पाहायला आपल्याला विसाव्या शतकात आणि जमिनीखाली जावे लागेल.

२. खाण हे उपकरण कसे झाले

कोलारच्या पट्ट्यात जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने १८८० च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर काम सुरू केले. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या जलविद्युत केंद्रातून इथे वीज आली, तीही बंगळुरू शहरात दिवे लागण्याच्या आधी. सोन्याच्या शिरेचा पाठलाग करत खाणी खोल जात राहिल्या आणि चॅम्पियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. इतक्या खोलीवर खडक तापलेला असतो आणि वरच्या दाबाने अधूनमधून तो स्फोटासारखा फुटतोही. इथल्या खाणकामगारांच्या कित्येक पिढ्यांनी हे भोगले आहे. पुढची सगळी गोष्ट वाचताना लक्षात ठेवा, की शास्त्रज्ञांना ती खोली आयती मिळाली. ती कामगारांनी खणलेली होती.

शास्त्रज्ञांना ती का हवी होती? तुमचा तळहात आत्ता आकाशाकडे धरा. त्यातून दर मिनिटाला अंदाजे शंभर म्युऑन आरपार जातात. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की हे कण तयार होतात. ते जमिनीतही शिरतात. जितके खोल जाल, तितके ते कमी होतात. ते कसे कमी होतात, हे मोजले की वरून येणाऱ्या किरणांच्या ऊर्जेबद्दल बरेच कळते.

वैश्विक किरणांवर होमी भाभांनी १९३९ ते १९४५ या काळात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची सुरुवातही जून १९४५ मध्ये तिथेच झाली आणि त्याच वर्षी ती मुंबईला गेली. या संस्थेत १९४८ मध्ये दाखल झालेले बी. व्ही. श्रीकांतन हे तरुण संशोधक भाभांच्या सूचनेवरून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला उपकरणे घेऊन कोलारच्या खाणीत उतरले. तिथून या कामाची सुरुवात झाली. सोन्याची खाण आता मोजमापाचे उपकरणही झाली होती, आणि उपकरणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग होता डोक्यावरचा खडक.

३. शांततेचा शोध, आणि १९६५

१९६० च्या आसपास एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमणमूर्ती यांनी वेगवेगळ्या खोल्यांवर म्युऑन मोजत नेले. सर्वांत खोल ठिकाणी, सुमारे पावणेतीन किलोमीटरवर, त्यांची उपकरणे जवळजवळ दोन महिने चालू होती. मोजलेले म्युऑन: शून्य.

प्रयोगशाळेत तुमच्या मीटरवर दोन महिने शून्य आले तर तुम्ही काय म्हणाल? ‘वायर तुटली आहे का बघा.’ तशी तपासणी करावीच लागते. पण उपकरण ठीक आहे असे ठरल्यावर या शून्याचा अर्थ बदलतो. आता ते शून्य म्हणजे एक मोठी संधी आहे. जिथे वरून काहीच येत नाही, तिथे जर एखादा कण दिसला, तर तो दुसऱ्याच कशामुळे आलेला असणार. पूर्ण शांत खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते, तसे.

ही टाचणी म्हणजे न्यूट्रिनो. वोल्फगांग पाउलीने १९३० मध्ये केवळ हिशेब जुळवण्यासाठी हा कण कल्पिला होता. रेनेस आणि कोवन यांनी १९५६ मध्ये तो अणुभट्टीजवळ प्रत्यक्ष पकडला. वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होणारे न्यूट्रिनो मात्र तोवर कोणी पाहिले नव्हते. न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी सहज ओलांडतो, त्यामुळे तो कोणत्याही दिशेने येऊ शकतो. म्युऑन मात्र वरूनच येतो. म्हणून शोधकांनी आपली उपकरणे भिंतीसारखी उभी केली आणि आडव्या जाणाऱ्या कणांची वाट पाहिली.

हे काम टाटा संस्था, जपानमधील ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून केले. एम. जी. के. मेनन, श्रीकांतन, नरसिंहम, मियाके आणि वुल्फेंडेल ही त्यातली प्रमुख नावे. जागा होती २.३ किलोमीटर खोल. त्याच वेळी दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीत रेनेस यांचा गट हाच शोध घेत होता. आफ्रिकेच्या गटाने पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ रोजी नोंदवली. कोलारचा निबंध १५ ऑगस्ट १९६५ रोजी छापून आला, आफ्रिकेचा ३० ऑगस्टला. म्हणजे घटना त्यांची आधीची आणि प्रकाशन आपले आधीचे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून दोन्ही तारखा सांगायची सवय ठेवा. अर्धी तारीख सांगून अभिमान बाळगण्यापेक्षा पूर्ण तारखा सांगून बाळगलेला अभिमान जास्त टिकतो.

४. प्रोटॉन मरतो का?

इथवरची गोष्ट यशाची आहे. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढच्या भागात आहे.

१९७३-७४ मध्ये सैद्धांतिक भौतिकीत एक धाडसी कल्पना पुढे आली. ओडिशात जन्मलेले जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी, आणि वेगळ्या मार्गाने जॉर्जाय आणि ग्लाशो यांनी, निसर्गातली वेगवेगळी बले एकाच चौकटीत मांडण्याचा प्रयत्न केला. या मांडण्यांतून एक विलक्षण निष्कर्ष निघत होता: प्रोटॉन अमर नाही. आज ना उद्या तो फुटतो. याला वेगळ्या बाजूनेही आधार होता. सखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवले होते, की विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य समसमान न राहता द्रव्यच का उरले हे समजावून सांगायचे, तर अशा प्रकारची काहीतरी प्रक्रिया निसर्गात असायला हवी. थोडक्यात, ‘काहीच नसण्याऐवजी आपण का आहोत?’ हा जुना प्रश्न एका मोजता येण्याजोग्या आकड्यापर्यंत येऊन ठेपला होता.

आकडा मात्र भयानक होता. जॉर्जाय आणि ग्लाशो यांच्या मांडणीनुसार प्रोटॉनचे सरासरी आयुष्य १० चा ३० वा किंवा ३१ वा घात इतकी वर्षे असावे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे, म्हणजे साधारण १० चा १० वा घात. मग इतक्या दीर्घायुषी कणाचा मृत्यू पाहायचा कसा?

इथे तुमच्या अभियांत्रिकी गणिताचा उपयोग होतो. एकच प्रोटॉन घेऊन अनंत काळ थांबण्याऐवजी, अनंत वाटावेत इतके प्रोटॉन घेऊन थोडा काळ थांबायचे. कोणत्याही पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ६ गुणिले १० चा २३ वा घात इतके प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात. एका टनात ६ गुणिले १० चा २९ वा घात. कोलारला १९८० मध्ये जो डिटेक्टर उभा राहिला, त्याचे वजन सुमारे १४० टन होते: लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये वायूने भरलेल्या मोजनळ्यांचे ३४ थर. म्हणजे त्यात सुमारे ८.४ गुणिले १० चा ३१ वा घात इतके कण. त्यांचे सरासरी आयुष्य १० चा ३१ वा घात वर्षे असेल, तर वर्षाला आठ-साडेआठ क्षय व्हायला हवेत. वेगळ्या शब्दांत, दीड महिन्याला एक.

आता उलटा हिशेब करा. वर्षभर एकही क्षय दिसला नाही तर? दुर्मीळ घटनांना लागू पडणाऱ्या पॉयसाँ वितरणानुसार, सरासरी तीन घटना अपेक्षित असताना एकही न दिसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असते. म्हणून शून्य मोजल्यावर आपण म्हणतो, ‘खरी सरासरी तीनपेक्षा जास्त असण्याची शक्यता फारच कमी.’ ८.४ ला ३ ने भागा. प्रोटॉनचे आयुष्य किमान २.८ गुणिले १० चा ३१ वा घात वर्षे असावे, असे त्या शून्यातून निघते. (डिटेक्टर प्रत्येक क्षय पकडतो असे इथे आपण सोयीसाठी धरले आहे, खऱ्या प्रयोगात कार्यक्षमतेचा गुणक लावावा लागतो.) लक्षात घ्या, काहीही न दिसण्यातून एक ठाम वाक्य तयार झाले. अज्ञात तसेच राहिले, पण त्याची सीमा सरकली.

५. ‘उमेदवार’ हा शब्द

कोलारचा हा प्रयोग केवळ प्रोटॉन क्षयासाठी उभारलेला जगातला पहिला मोठा प्रयोग मानला जातो. १९८१ मध्ये या गटाने निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अशा काही घटना मांडल्या, ज्या प्रोटॉनच्या किंवा न्यूट्रॉनच्या क्षयासारख्या दिसत होत्या. त्यांनी त्यांना क्षय म्हटले नाही. ‘उमेदवार घटना’ म्हटले.

या एका शब्दाकडे नीट पाहा. उमेदवार म्हणजे अजून निवडून न आलेला. गटाला आपल्या घटनांबद्दल आशा होती, हे उघड आहे. पण निकाल त्यांच्या हातात नव्हता, आणि तो नाही हे त्यांनी शीर्षकातच लिहून ठेवले. निकाल आला तो इतर खाणींतून. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिठाच्या खाणीत काही हजार टन पाण्याचा आयएमबी हा डिटेक्टर १९८२ मध्ये सुरू झाला. जपानमध्ये ३००० टन पाण्याचा कामिओकांदे १९८३ मध्ये सुरू झाला. प्रोटॉन इतक्या लवकर फुटत असता, तर या मोठ्या डिटेक्टरांमध्ये क्षयांची रांग लागली असती. तशी ती लागली नाही. कोलारच्या गटानेही १९८५ मध्ये दोन किलोमीटर खोलीवर सुमारे २६० टनांचा दुसरा, मोठा डिटेक्टर उभा करून शोध चालू ठेवला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम थांबले. प्रोटॉनचा क्षय आजवर कोणीही पाहिलेला नाही. जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या ५०,००० टन पाण्याच्या डिटेक्टरने आता काही प्रकारच्या क्षयांसाठी ही मर्यादा १० चा ३४ वा घात वर्षे याच्याही पलीकडे नेली आहे.

मग ती सगळी वर्षे वाया गेली का? इतिहासाचे उत्तर मजेशीर आहे. अशा प्रयोगांत सर्वांत मोठा अडथळा होता वातावरणातल्या न्यूट्रिनोंचा. न्यूट्रिनो डिटेक्टरच्या आत येऊन आदळला, की ती घटना प्रोटॉन क्षयासारखी दिसू शकते. म्हणजे कोलारच्या १९६५ च्या शोधाचा विषय १९८० मध्ये त्याच खाणीत नको असलेला गोंगाट बनला होता. आणि जपानी गटाने हा गोंगाट बारकाईने मोजायला घेतल्यावर त्यात विसंगती दिसू लागली. १९९८ मध्ये सुपर-कामिओकांदेने जाहीर केले, की हे न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. ताकाआकी काजिता यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याआधी, २३ फेब्रुवारी १९८७ रोजी, फुटलेल्या एका ताऱ्याचे ११ न्यूट्रिनो कामिओकांदेने आणि ८ आयएमबीने पकडले होते. ज्या प्रश्नासाठी खाणीत उतरले तो अनुत्तरितच राहिला, आणि ज्याबद्दल कोणी नीट विचारलेही नव्हते, त्याचे उत्तर मिळाले.

कोलारची एक वही तर अजून उघडीच आहे. १९७० च्या दशकात तिथे काही विचित्र घटना नोंदल्या गेल्या: दोन किंवा अधिक कणांचे मार्ग खडकात नव्हे, तर डिटेक्टर आणि खडक यांच्यामधल्या मोकळ्या जागेत येऊन मिळत होते. १९७५ मध्ये गटाने ते प्रसिद्ध केले. ‘कोलार घटना’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांचे सर्वमान्य स्पष्टीकरण मिळालेले नाही आणि इतर कुठे त्यांची खात्रीशीर पुनरावृत्तीही झालेली नाही. २०१४ मध्ये जी. राजशेखरन आणि एम. व्ही. एन. मूर्ती यांनी त्यांचा संबंध कृष्णद्रव्याशी असू शकेल का, असा प्रश्न पुन्हा मांडला. चाळीस वर्षांनी कोणीतरी जुन्या नोंदी काढून बसते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या नोंदी फेकून दिल्या नव्हत्या, आणि त्यांना चमत्कार म्हणून मखरातही बसवले नव्हते.

६. मराठीतले उदाहरण: नारळीकर

तुम्ही म्हणाल, मोठ्या गटात, संस्थेच्या पाठबळावर हे जमते. एकट्या माणसाचे काय? त्यासाठी जयंत नारळीकरांचे (१९३८–२०२५) आयुष्य पाहा. कोल्हापूरला जन्मलेले, केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, आणि पुढे पुण्याच्या आयुका या संस्थेचे १९८८ पासूनचे संस्थापक-संचालक. विश्वाला महास्फोटाने सुरुवात झाली, हे त्यांना पटले नव्हते. १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण सापडल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी हॉइल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये स्थिर-स्थितीच्या कल्पनेची सुधारलेली मांडणी केली. आज बहुसंख्य विश्वशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. पण आयुकात त्यांनी महास्फोटावर काम करणाऱ्या पिढ्या उभ्या केल्या. स्वतःचे मत राखून इतरांना विरुद्ध मत तपासू देणे, हे खात्रीच्या हव्यासाने जमत नाही.

त्यांच्याच पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडून वातावरणाच्या उंच थरांतली हवा गोळा केली गेली. एप्रिल २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने मिळाले. त्यांत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्या. बंगळुरूला मुख्यालय असलेल्या इस्रोने मार्च २००९ मध्ये ते जाहीर केले. एका प्रजातीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे आणि एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. सूक्ष्मजीव अंतराळातून येत असावेत ही हॉइल यांची आवडती कल्पना, आणि नारळीकर त्यांचे शिष्य. तरीही जाहीर केलेल्या निष्कर्षात स्पष्ट म्हटले होते, की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे यातून सिद्ध होत नाही; काम पुढे चालू ठेवण्याचा उत्साह मात्र मिळतो. प्रेम आणि प्रामाणिकपणा एकाच वाक्यात बसू शकतात, याचा हा नमुना.

याच काळात त्यांनी एक उलट प्रकारचा प्रयोगही केला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले अशा दोन गटांतल्या २०० कुंडल्या जमवल्या आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे दिली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवून साधारण ५० टक्के मिळाले असते. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

बलून आणि कुंडली शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे विषय अज्ञाताचाच आहे: आकाशात काय आहे, उद्या काय होणार. बलूनच्या वाटेवर माणूस म्हणतो, ‘मला माहीत नाही, पण बघून येतो.’ कुंडलीच्या वाटेवर तो म्हणतो, ‘मला माहीत नाही याची भीती वाटते, कोणीतरी आत्ताच सांगा.’ भीती खोटी नसते. परीक्षेच्या, नोकरीच्या, घरातल्या आजारपणाच्या वेळी ती तुम्हालाही वाटली असेल. पण भीतीवर विकत घेतलेली खात्री अज्ञात कमी करत नाही. ती फक्त आपले त्याच्याकडे पाहणे बंद करते.

७. श्रद्धावंतांचे काय?

कोलारच्या गटात आस्तिक होते की नास्तिक, हे मी इथे मुद्दाम सांगत नाही, कारण प्रयोगाला त्याने काही फरक पडत नव्हता. श्रीकांतन १९७५ ते १९८७ टाटा संस्थेचे संचालक होते. निवृत्तीनंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत त्यांनी जाणीव म्हणजे काय, या प्रश्नावर विचार केला. देव मानणारा माणूस प्रोटॉनची वाट पाहू शकतो, न मानणाराही पाहू शकतो. दोघांना एकच अट आहे: मोजनळीने जे सांगितले नाही ते तिच्या तोंडी घालायचे नाही. म्हणून या टिपणाचा दावा मर्यादित आहे. श्रद्धा वाईट, असे मी म्हणत नाही. अज्ञातावर प्रेम करायला ती आवश्यक नाही, इतकेच इतिहास दाखवतो. आणि खात्री तर अडथळाच ठरली असती. प्रोटॉन फुटतोच, अशी खात्री असलेल्याने १९८१ मध्ये ‘उमेदवार’ हा शब्द लिहिला नसता. तो फुटतच नाही, अशी खात्री असलेला खाणीत उतरलाच नसता.

एक सावधगिरीही सांगायला हवी. अज्ञाताचे प्रेम म्हणजे परवाना नव्हे. तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराखाली न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. त्यानंतर पर्यावरणाचे आणि स्थानिकांचे आक्षेप, न्यायालयीन प्रश्न यांत तो अडकला. ज्यांच्या डोंगराखाली आपल्याला शांतता हवी आहे, त्यांच्या शंका ऐकणे हाही शास्त्राचाच भाग आहे. कोलारलाही शास्त्रज्ञ पाहुणे होते. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या, तेव्हा हजारो कामगारांची उपजीविका गेली. हळूहळू त्या खोल बोगद्यांत पाणी भरले. जिथे दोन महिने शून्य मोजले गेले होते, तिथे आता कोणी उतरू शकत नाही.

८. तुमच्यासाठी

आपल्या शिक्षणात प्रत्येक प्रश्नाला पुस्तकाच्या मागे उत्तर छापलेले असते. त्यामुळे ‘माहीत नाही’ हे वाक्य आपल्याला गुण कापले जाण्याचे कारण वाटते. कोलारच्या इतिहासातून तीन सवयी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शून्यालाही तपासून किंमत द्या. नीट मोजलेले शून्य हा निकाल असतो. दुसरी, आपल्या आवडत्या कल्पनेला उमेदवार म्हणा आणि मतदान दुसऱ्यांना करू द्या. तिसरी, न जुळणाऱ्या नोंदी जपून ठेवा. आजचा गोंगाट उद्याचा विषय असू शकतो.

आगरकरांच्या काळात प्रश्न होता, खात्रीशिवाय नीतीने जगता येते का. कोलारने त्याला एक जोड दिली: खात्रीशिवाय मन लावून कामही करता येते, चाळीस वर्षे करता येते, आणि अखेरीस हाती मर्यादा सांगणारा एक आकडाच आला तरी ते काम पुढच्याला उपयोगी पडते. जपानमधली ती टाकी आज, तुम्ही हे वाचत असताना, चालू आहे. तिच्या भिंतींवरचे हजारो प्रकाशसंवेदक पाण्यातल्या एका विशिष्ट चमकेची वाट पाहत आहेत. ती चमक उद्या दिसेल, किंवा कधीच दिसणार नाही.

विचारासाठी प्रश्न

१) एका डिटेक्टरमध्ये १००० टन पाणी आहे आणि दोन वर्षांत एकही क्षय दिसलेला नाही. तीनचा नियम वापरून आयुष्याची किमान मर्यादा काढा. कार्यक्षमता ५० टक्के असेल तर उत्तर कसे बदलेल?

२) फलज्योतिषाच्या चाचणीत २७ ऐवजी फक्त २ ज्योतिषांनी भाग घेतला असता, तर ४६ टक्के या आकड्यावरून तुम्ही काय म्हणू शकला असता?

३) तुमच्या स्वतःच्या विषयातला एक प्रश्न निवडा, ज्याचे उत्तर आज कोणालाच माहीत नाही. तो अज्ञात आहे की अज्ञेय? तुमचे मत कोणत्या पुराव्याने बदलेल, ते लिहा.